गळणारे पुढचे शॉकअप घरी खोलायचे असतील तर

शिरपूरच्या एका भावाने विचारलंय, ते थोडक्यात असं. दीडशे सीसीची गाडी, अकरा वर्षं जुनी, पुढे डिस्क, ३१ मिमी पाईपचे साधे टेलिस्कोपिक शॉकअप. उजवीकडून तेल गळतंय, ब्रेक मारला की गाडी पुढे बसते आणि खड्ड्यात ठकठक वाजते. दोन वर्षांत दोनदा सील बदलून झालं. आता मिस्त्री म्हणतो पूर्ण सेट टाका. घरी पानापेटी आहे, गाडीची आवड असलेले दोन मित्र आहेत, तर हे काम अंगणात जमेल का?

जमेल. मी हे काम वीसेक वर्षं करतोय. स्वतःच्या गाड्यांचं केलं आणि आमच्या फिरस्त्या मंडळींपैकी जवळपास सगळ्यांच्या गाड्यांचंही. पण तुमच्या प्रश्नात खरी गोष्ट एका ओळीत येऊन गेली आणि तुम्ही तिच्यावरून पुढे निघून गेलात: दोन वर्षांत दोनदा सील बदललं. नवं सील व्यवस्थित बसवलं असेल तर ते वर्षात गळत नाही. गळलं, तर त्याला कोणीतरी कापलंय. तो 'कोणीतरी' जवळजवळ नेहमी पाईपच असतो. म्हणून सील कसं बदलायचं हे मी नंतर सांगतो. आधी पाईप, म्हणजे खालच्या ॲल्युमिनियमच्या केसमध्ये वर-खाली सरकणारी शॉकअपची चकचकीत क्रोमची नळी, कसा तपासायचा ते ऐका.

हे मी फुकट शिकलो नाही. माझ्या जुन्या गाडीला आठ महिन्यांत तीन वेळा सीलं टाकली होती. प्रत्येक वेळी दुकानदाराला डुप्लिकेट माल दिला म्हणून मनात शिव्या घातल्या. मग अमळनेरला एका लग्नात गाडी उभी होती, आणि नात्यातले एक म्हातारे मामा, जे आयुष्यभर जीप आणि ट्रॅक्टर खोलत आले, ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. पाईपवरचं तेल बोटाने पुसलं, वास घेतला आणि म्हणाले, "भो, सील ऱ्हाऊ दे, पयले पाईप देख." मांडवाच्या बाजूला गादीतून कापूस डोकावत होता. त्यातली चिमूटभर उपटून त्यांनी पाईपवर वरून खाली हलकेच फिरवली. दोन ठिकाणी कापसाचे तंतू चिकटून राहिले. डोळ्याला तिथे काहीच दिसत नव्हतं. नखाने खरवडून पाहिलं तेव्हा खस्सकन अडकलं. क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे दोन खड्डे आणि त्यांच्या कडा वर आलेल्या. रस्त्यावरच्या दर खड्ड्यागणिक सील त्या कडेवरून वर-खाली जात होतं. करवतीवर रबर घासल्यासारखंच ते.

तेव्हापासून माझ्या पेटीत कापसाची पुडी असते. नायलॉनच्या जुन्या ओढणीचा तुकडाही चालतो, तोही अडकतो. पण आपल्या भागात कापूस मागायला कुठे जावं लागत नाही. फक्त एक पथ्य पाळा: तपासायला कापूस, पुसायला नाही. खोललेल्या शॉकअपच्या आत कापसाचा एक तंतू गेला आणि तो सीलच्या ओठाखाली बसला, की नवं सीलही गळायला लागतं. पुसायला जुन्या सुती धोतराचं किंवा बनियनचं, धुऊन धुऊन तंतू गेलेलं फडकं घ्या.

खड्डे येतात कुठून? आपल्याकडे कारणं तीन. पहिलं काळी माती. पावसाळ्यात ती पाईपला चिकटते, दोन दिवस ऊन पडलं की विटेसारखी कडक होते, आणि तुम्ही तशीच गाडी काढता. डस्ट सील, म्हणजे तेलाच्या सीलवरचं धूळ अडवणारं रबर, ती खरवडायचा प्रयत्न करतं, थोडी खरवडतं, थोडी आत घेतं. पावसाळ्यात शेतातून आल्यावर पाईपच्या उघड्या भागावर एक तांब्या पाणी ओतायची सवय लावा, एवढ्यानेच सीलचं आयुष्य वाढतं. दुसरं, रस्त्यावरची खडी. डांबराआधी खडी पसरून महिने महिने तशीच ठेवलेले रस्ते तुम्हाला मी दाखवायला नकोत. पुढच्या ट्रकच्या टायरखालून उडालेला खडा थेट पाईपवर बसतो.

तिसरं कारण मला रावेरकडच्या एका केळीवाल्या भाऊंच्या गाडीने शिकवलं. पाईपवर खड्ड्यांची अक्षरशः रांगोळी होती, आणि गाडी सहा वर्षांचीसुद्धा नव्हती. ते पोटॅशच्या गोण्या टाकीवर आडव्या टाकून शेतात न्यायचे. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि आपण जे लाल-पांढरं पोटॅश घालतो, ते बहुतेक पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ. त्याची भुकटी पाईपवर बसली, रात्री दव पडलं, की क्रोमला असलेल्या बारीक बारीक भेगांतून ते खालच्या लोखंडापर्यंत जातं. तिथून गंज वर येतो आणि क्रोमची खपली उडवतो. खत नेऊ नका असं कोण म्हणेल? गोणी मागे बांधा, आणि गाडी धुतलीत की शॉकअपवर आधी पाणी मारा.

आता तुमचा पाईप. गाडी खोलण्याआधीच निम्मं निदान होतं. पाईपवर एक रबर बँड चढवा, डस्ट सीलला टेकवून ठेवा, आणि दिवसभर नेहमीच्या रस्त्याने फिरा. संध्याकाळी रबर जिथे वर सरकून थांबलेलं असेल, तिथपर्यंत सील प्रवास करतं. त्याच्या वरचे खड्डे दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. खालचे खड्डे तुमचं तेल पितात. कापूस फिरवताना खालून वर, वरून खाली आणि गोलही फिरवा, कारण कड एकाच दिशेने वर आलेली असू शकते.

बारीक कड असेल तर १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून, पाईपला आडवा-तिरपा हलक्या हाताने फिरवून ती उतरवता येते. सरळ वर-खाली घासू नका, त्या रेघा तेलाला वाट करून देतात. खड्डा खोल असेल, पण एकदोनच असतील, तर दोन भागांचा इपॉक्सी गोंद टोचणीने भरून, पूर्ण सुकू देऊन, वॉटर पेपरने पाईपच्या पातळीला आणता येतो. माझ्या एका गाडीत असा भरलेला खड्डा दोन उन्हाळे टिकला. पण बोटाने फिरवल्यावर वाळूसारखा खरखरीत पट्टाच लागत असेल, तर वेळ वाया घालवू नका, पाईप नवा टाका. तुमच्या गाडीचा पाईप सुटा मिळतो. पूर्ण सेटची गरज नाही, हे मिस्त्रीला नम्रपणे सांगा.

बाक तपासणं राहिलं. पाईप बाहेर काढल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर, ग्रॅनाइट असेल तर उत्तम, घरच्यांना विचारून, सावकाश लोळवा. पाईप आणि दगड यांच्या फटीतून पलीकडचा उजेड बघा. उजेड एकसारखा राहिला तर ठीक. लोळताना फट उघडझाप करत असेल, तर पाईप वाकलाय. किती, हे लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉक आणि डायल गेज लावून कळतं. बहुतेक मॅन्युअल ०.२ मिमीपर्यंत चालवून घेतात. थोडा बाक प्रेसवर निघतो. पण घडी पडल्यासारखी सुरकुती दिसली, तर तो पाईप भंगारात, त्यावर चर्चा नको.

मदतीला किती माणसं? तुमच्यासकट तीन. यापेक्षा जास्त नको. एकदा आमच्याकडे सातजण जमले, चहा झाला, शेवभाजीचा बेत ठरला, आणि सर्क्लिप, म्हणजे सील जागेवर धरणारी तारेची कडी, कोणाच्या तरी चपलेला चिकटून भडगावला गेली. तिघांत एकाने फक्त हात लावायचा, दुसऱ्याने धरायचं, तिसऱ्याने फोटो काढायचे आणि निघेल त्या क्रमाने सुटे भाग फडक्यावर मांडायचे. हा तिसरा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. त्याला कमी समजतं असं समजून बाजूला बसवू नका.

मित्रांचा खरा उपयोग अवजारांत होतो. आमच्यात एकाकडे टॉर्क पाना आहे, एकाकडे मोठे गोटी पाने, मी सील ठोकायचा पाईप सांभाळतो. कोणी गाडी खोलणार असेल, तर तीनचार दिवस आधी कळवतो आणि पेट्या फिरतात. एकट्याने हे सगळं विकत घ्यायला गेलात, तर मिस्त्रीचा सेट स्वस्त वाटेल.

वेळ सकाळची धरा, सहाला सुरुवात. मे महिन्यात अकरानंतर अंगणात लोखंडाला हात लागत नाही, आणि दुपारची वावटळ उठली की उघड्या शॉकअपमध्ये धूळ भरते. म्हणून खोलणं अंगणात, पण जोडणं घरात, पंखा बंद करून. घामाची तयारी ठेवा.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ओंडका द्या, म्हणजे पुढचं चाक उचललेलं राहील. शक्य असेल तर हँडलला दोर बांधून वर वाशाला किंवा निंबाच्या फांदीला अडकवा. शॉकअप निघाले की गाडी पुढे कलंडू शकते आणि तेव्हा तिच्यासमोर बसलेला माणूस तुम्हीच असता. चाक काढणं तुम्हाला येत असेल, त्यावर शब्द घालवत नाही. कॅलिपर तारेने टांगा, नळीवर लोंबकळत ठेवू नका. पॅडांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा आणि ब्रेकचा लिव्हर रबरने बांधून नव्हे, माणसांना दम देऊन सुरक्षित ठेवा. मोकळ्या कॅलिपरवर कोणी सहज लिव्हर दाबला, तर पिस्टन बाहेर येतो आणि दिवसाचा बेत बदलतो.

आता क्रम नीट लक्षात ठेवा, कारण घरी काम करणारे नव्वद टक्के इथे अडकतात. शॉकअप गाडीतच असताना वरच्या टीचा (टी म्हणजे दोन्ही पाईप धरणारा आडवा भाग) पकडबोल्ट सैल करा, खालचा आवळलेला ठेवा, आणि मग वरची टोपी फक्त अर्धा आटा सैल करा. पूर्ण नको. आता खाली तेलाचं भांडं ठेवा आणि बॉटम केसच्या तळाशी असलेला एलन बोल्ट सोडा, एक-दीड आटा. हे आत्ताच का? तो बोल्ट आतल्या बारीक, छिद्रांच्या नळीला, म्हणजे सीट पाईपला, धरून असतो, आणि सीट पाईप केसमध्ये मोकळा फिरू शकतो. आत स्प्रिंगचा दाब असेपर्यंत तो दबून राहतो आणि बोल्ट सुटतो. एकदा स्प्रिंग काढली की बोल्ट आणि सीट पाईप दोघं मिळून गरगर फिरतात आणि तुम्ही त्यांच्याकडे बघत बसता.

तरीही फिरलाच तर दोन उपाय आहेत. पंक्चरवाल्याच्या इम्पॅक्ट गनचा एक झटका बहुतेक वेळा काम करतो. नाहीतर कुदळीचा बाभळीचा दांडा घ्या, टोक निमुळतं तासा, वरून पाईपमध्ये घालून सीट पाईपच्या तोंडात जोरात दाबा. एकाने दाबायचं, दुसऱ्याने खालून बोल्ट फिरवायचा. नेमका इथे दुसरा माणूस नसेल, तर काम होत नाही.

मग पकडबोल्ट सोडून शॉकअप फिरवत फिरवत खाली ओढून काढा. व्हाइसमध्ये धरायचा असेल, तर केस धरा, मध्ये रबर घालून, आणि हलकेच. पाईप कधीही व्हाइसमध्ये नको. टोपी काढताना तोंड बाजूला ठेवा, टोपीवर जाड फडकं टाका आणि शेवटच्या आट्यांना तळहाताने दाबून धरा. खाली स्प्रिंग दाबलेली आहे, सुटली तर टोपी कपाळावर येते. हा धडाही मी कपाळावरच गिरवलाय.

तेल ओता. वासाने घाबरू नका. जुनं फोर्क ऑइल, म्हणजे शॉकअपचं तेल, सडक्या माशासारखा घाण वास मारतं, ते नेहमीचंच. रंग बघा, आणि तेल उन्हात हलवून बघा. करडं आणि चांदीसारखं चमकणारं असेल, तर ते ॲल्युमिनियम आहे, म्हणजे केस आतून झिजलीय. साध्या ३१ मिमीच्या शॉकअपमध्ये पाईप थेट ॲल्युमिनियमच्या केसमध्ये सरकतो, मध्ये सुटा बुश, म्हणजे झीज झेलणारी बदलता येणारी कडी, नसतो. पाईप साफ करून केसमध्ये अर्धा घाला आणि आडवा हलवा. थोडी ढिलाई असतेच. पण टकटक ऐकू येण्याइतकी असेल, तर सील कितीही भारी टाका, पाईप त्याच्या मधोमध राहत नाही आणि एका बाजूने तेल जातंच. तुमची ठकठक इथली असू शकते. ती कोनसेटची, म्हणजे स्टिअरिंगच्या बेअरिंगचीही असू शकते, म्हणून चाक काढण्याआधीच, पुढचा ब्रेक दाबून, गाडी पुढे-मागे हलवा आणि मित्राला स्टिअरिंगच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. आवाज बोटाला कळतो.

एलन बोल्ट पूर्ण काढला, डस्ट सील उचकटलं, सर्क्लिप काढली की पाईप सरळ बाहेर येतो. ज्यांच्या ३७ किंवा ४१ मिमीच्या मोठ्या शॉकअपमध्ये बुश असतात, त्यांना पाईप झटक्याझटक्याने ओढावा लागतो, तेव्हा सील आणि बुश एकत्रच बाहेर येतात. तुमचं सील केसमध्येच राहील. ते काढायला पेचकस घुसवून उचकटू नका. केसच्या तोंडाला ओरखडा गेला, तर नवं सील बाहेरून गळेल. केसच्या वरच्या भागावर उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम फुगतं, पकड ढिली होते. मग टायरची टॉमी, तिच्याखाली चामड्याचा किंवा लाकडाचा तुकडा, आणि बाजू बदलत बदलत उचला.

सगळे भाग डिझेलने धुवा, फडक्याने पुसा, वारा देऊन वाळवा. केसच्या तळाशी चिखलासारखा गाळ बसलेला असतो, तिथे फडकं पोचत नाही, काठीला गुंडाळून फिरवा. स्प्रिंगा दोन्ही शेजारी शेजारी उभ्या करा. लांबीत फरक असेल, तर जोडीच बदला.

आता जोडणी. सीट पाईप आत, तळाशी त्याची वाटी, पाईप केसमध्ये, खालच्या बोल्टला तांब्याचं नवं वॉशर आणि आट्यांना लॉकटाइटचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, थेंब. जुनं वॉशर परत टाकू नका. त्याची किंमत नगण्य आहे आणि ते गळलं, तर सगळं परत खोलायचं. बोल्ट आवळताना सीट पाईप पुन्हा फिरेल, म्हणून स्प्रिंग आणि टोपी तात्पुरती लावून घ्या, आवळा, मग काढा.

पाईपच्या वरच्या टोकाची धार आणि खाच सीलच्या ओठाला कापते. दुधाची रिकामी पिशवी धुऊन टोकावर ओढा, तिच्यावर फोर्क ऑइल लावा, सीललाही आतून-बाहेरून तेच तेल लावा, आणि सील वरून उतरवा. नंबर लिहिलेली बाजू वर. ग्रीस भसाभस भरू नका.

सील ठोकायला बाजारात महाग अवजार मिळतं. आपल्याकडे ज्याच्या शेतात ठिबक आहे, त्याच्या गोठ्यात त्याचा भाऊ पडलेला असतो: पीव्हीसी पाईपचा हातभर तुकडा. ३१ मिमीच्या पाईपसाठी ४० मिमीचा पीव्हीसी बहुधा बसतो, कारण तो बाहेरून ४० असतो, आतून तुमच्या पाईपवर सहज सरकतो आणि त्याची कड सीलच्या बाहेरच्या कडेवरच बसते. पण डोळ्याने अंदाज करू नका, जुनं सील हातात घेऊन मापा. तुकड्याचं टोक पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, बुरा पुसून टाका. नव्या सीलवर जुनं सील ठेवा, त्यावर पीव्हीसी, आणि वरून लाकडी मोगरीने हलके, सारखे ठोके. एका माणसाने केस जमिनीवर लाकडावर उभी धरायची, दुसऱ्याने ठोकायचं. आवाज ऐका. सील सरकत असतं तोवर आवाज दबका असतो. तळाला बसलं की ठोका एकदम टणक, कोरडा वाजतो. तिथे थांबा आणि सर्क्लिपची खाच पूर्ण गोल दिसते का ते बघा. एका बाजूने अर्धी दिसत असेल, तर सील तिरकं बसलंय. खाच दिसल्याशिवाय सर्क्लिप घालायची घाई करू नका. क्लिप नीट बसली की हलकेच फिरवता येते.

तेलाबद्दल सगळ्यात जास्त वाद होतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी शॉकअपमध्ये इंजिनचं २० डब्ल्यू ४० ओततात, गाडी 'कडक' होते म्हणून. होतेच, कारण ते नेहमीच्या १० डब्ल्यू फोर्क ऑइलपेक्षा सुमारे तिप्पट दाट असतं. सीट पाईपच्या छिद्रांतून ते वेळेत जात नाही, खड्ड्यात शॉकअप दबायलाच तयार नसतो आणि दबला, तर पुढच्या खड्ड्याआधी परत वर येत नाही. सलग खड्ड्यांवर तो दबतच जातो आणि शेवटी दगडासारखा होतो.

उलट, डब्यावरच्या '१० डब्ल्यू'वरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका. एका कंपनीचं १० डब्ल्यू ४० अंश तापमानाला ३५ सेंटीस्टोक्सच्या (हे दाटपणाचं माप) आसपास असतं, दुसरीचं ४५च्या वर. डब्यावर किंवा माहितीपत्रात तो आकडा असतो, तो बघा, आणि दोन्ही शॉकअपमध्ये एकाच डब्यातलं तेल घाला. यात आपली गंमत अशी की तेलाचा दाटपणा जगभर ४० अंशाला मोजतात, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ला जातो. त्यामुळे फक्त उन्हाळ्यात, तेही गाडीवर कायम दोघं असतील तर, मी एक पायरी दाट, १५ डब्ल्यूपर्यंत जातो. त्यापुढे नाही.

किती घालायचं हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, आणि मिलिलिटरचा आकडा वेगळा, पातळीचा वेगळा हे समजून घ्या. पातळी मोजायची ती स्प्रिंग काढून, पाईप पूर्ण आत दाबून, शॉकअप सरळ उभा धरून, वरच्या काठापासून तेलापर्यंत. आधी तेल ओता, पाईप आठ-दहा वेळा सावकाश वर-खाली करा, दहा मिनिटं थांबा म्हणजे बुडबुडे निघतील, आणि मग मोजा. मेडिकलमधून सगळ्यात मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी आणा. नळीवर मॅन्युअलमधल्या मापाला खूण करा, खुणेपर्यंत आत सोडा आणि जास्तीचं तेल ओढून घ्या. दोन्हीकडे पातळी बिनचूक सारखी येते.

इथे 'थोडं जास्त असू दे' हा मोह आवरा. तेलावरची मोकळी हवा ही दुसरी स्प्रिंग असते. जागा निम्मी केली की दाब दुप्पट, हा शाळेतलाच नियम. तेल जास्त घातलं की हवेला जागा उरत नाही आणि तेल तर दबत नाही. मी एकदा तोरणमाळला सामान लादून जायचं म्हणून दोन्हीकडे अंदाजे दोन-तीन झाकणं जास्त ओतली होती. चढताना गाडी झकास वाटली. उतारावर एका वळणाआधी ब्रेक लावला, चाक खड्ड्यात गेलं, आणि दोन्ही सीलांनी एकदमच हात टेकले. तेल डिस्कवर आलं. उरलेला घाट मागच्या ब्रेकवर आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरलो. तुमच्या उजव्या बाजूचं तेल डिस्कपर्यंत गेलं असेल, तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा आणि पॅड फेकून द्या. तेल प्यालेलं पॅड घासून, भाजून सुधारत नाही.

परत गाडीत बसवताना दोन्ही पाईप टीमधून सारख्याच उंचीवर आलेत का ते मापा. खालचा पकडबोल्ट आवळा, मग टोपी, मग वरचा पकडबोल्ट. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपेक्षा जास्त नको. 'अजून एक पाव आटा' देणाऱ्याच्या हातून पाईप दबतो. चाक आणि एक्सल घाला, पण एक्सलचा नट आणि मडगार्डचे बोल्ट हातानेच लावून सैल ठेवा. गाडी ओंडक्यावरून उतरवा, पुढचा ब्रेक पंप करून पॅड डिस्कला टेकवा, ब्रेक दाबून धरा आणि आठ-दहा वेळा पुढून दाबून दाबून सोडा. दोन्ही शॉकअप आपापली समांतर जागा शोधतात. मग एक्सल आवळा, शेवटी मडगार्ड. ही एक गोष्ट पुष्कळ मिस्त्री करत नाहीत. त्यामुळे दोन्ही पाय जरासे तिरपे राहतात, शॉकअप अडखळत चालतो आणि सीलची एक बाजू लवकर झिजते. तुमचं दुसरं सील लवकर गेलं, त्याचं कारण कदाचित हेही असेल.

पहिल्या दिवशी गावातल्या गावात चालवा, मग पन्नासेक किलोमीटर नेहमीच्या रस्त्याने. पाईपवर तेलाची अगदी पुसट कडी दिसली तर चिंता नको, सील बसताना लावलेलं तेल असतं ते. पुसा. दुसऱ्यांदाही ओलं झालं आणि त्यावर धूळ चिकटून काळा गोल तयार झाला, तर खोलण्याआधी एक करून बघा: डस्ट सील वर सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी कापा, तिच्या टोकाला आकडा करा, कडा गुळगुळीत करा, आणि सीलच्या ओठाखाली घालून सावकाश एक फेरी मारा. अडकलेला कण किंवा तंतू बाहेर येतो आणि बऱ्याचदा गळणं तिथेच थांबतं.

काढलेलं तेल एका डब्यात भरून ठेवा, गॅरेजवाला ते जुन्या इंजिन ऑइलबरोबर घेऊन जातो. बांधावर किंवा नालीत ओतू नका.

तुमच्या मित्रांपैकी कोणाच्या गाडीला उलटे शॉकअप असतील, जाड नळी वर आणि बारीक खाली, तर त्यांना तुमच्याबरोबर हात साफ करून घेऊ देऊ नका. ते काम वेगळं आहे, त्याला स्प्रिंग दाबायचं अवजार लागतं. आणि गाडी कधी समोरून ठोकलेली असेल, तर टी सरळ आहे का ते आधी लेथवाल्याकडून बघून घ्या. वाकड्या टीत नवा पाईपसुद्धा वाकडाच उभा राहतो.

सीलं, वॉशर, तेल आजच मागवू नका. आधी रबर बँड लावून एक दिवस फिरा, मग कापूस फिरवा आणि उजव्या पाईपवर तो कुठे अडकतो ते रबराच्या खुणेपासून मापून इथेच लिहा, पुढून आहे की मागून तेही. पाईप वाचवण्यासारखा असेल, तर पीव्हीसीचा तुकडा आणि सिरिंज माझ्याकडून घेऊन जा. पुढच्या आठवड्यात एक दिवस मी चोपड्याला आहेच.